गुरुवारचा खरवस

मरोळ, अंधेरी (पूर्व)
३ जून १९८६

प्रिय नलिनी,

तुझं पत्र आणि कोपऱ्याला कुंकू लावलेलं कार्ड शनिवारी मिळालं. तुला तू म्हटलेलं चालेल ना? आपण एकदाच भेटलो, तेही संस्थेच्या ऑफिसात, जेमतेम दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी तुझ्या तोंडाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. बाळ तुझ्या हातात देताना मला फक्त तुझ्या बांगड्या दिसत होत्या. त्या तिला टोचतील का, एवढंच डोक्यात होतं. ती रडली नाही, म्हणजे टोचल्या नसाव्यात. तू वाकून माझ्या पाया पडलीस तेव्हा तुला दोन शब्द बोलायला हवे होते. मी रिकामी पिशवी उचलून चालू लागले. तेव्हा तू वाकल्यावर आशीर्वाद दिला नाही, तो आता देते.

तुम्ही तिचं नाव मृणालिनी ठेवलंत. छान आहे. संस्थेच्या कागदावर ती शेवंती होती. बारा दिवसांची असताना तिथल्या विमलाबाईंनी तिला आमच्याकडे आणून ठेवलं आणि बरोबर सहा महिन्यांनी मी तिला तुझ्याकडे पोचवलं. तोवर आमच्याकडे ती शेवंतीच होती. तू लिहितेस की हाक मारली तर अजून मान वळवत नाही. वळवेल. चार दिवस जुन्या नावाने हाक मारून बघायचा मोह होईल, पण तसं करू नकोस.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी तू बोरिवलीला तिचं उष्टावण ठरवलं आहेस. तुला सख्खा भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी आमच्या ह्यांनी बसावं, पहिला घास त्यांच्या हातून जावा, असं तू लिहिलं आहेस. सहा महिने सांभाळणाऱ्या माणसांना इतका मान कोणी देत नाही, नलिनी. संस्थेत तर आम्हाला सांगितलेलंच असतं की मूल गेलं की ओळख संपली. तू कुठून पत्ता मिळवलास कोण जाणे, विमलाबाईंना कळलं तर त्या आपल्या दोघींना ओरडतील. तुला उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण ती ओळ तोडून बोलल्यासारखी वाटली असती. म्हणून आधी बाकीचं सांगते.

आमचे हे गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. माझा मुलगा चंद्रप्रकाश, आता बडोद्याला नोकरीला असतो, तो लहान असताना ह्यांना सदा डबल पाळी. चंदूला त्यांनी झोपलेलाच पाहिला. मग ब्याऐंशीचा संप आला आणि सगळ्यांचीच वाट लागली. आम्ही लालबागची खोली सोडून इकडे मरोळला आलो. ह्यांना एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात स्टोअरकीपरचं काम मिळालं. पण माणूस बोलायचा थांबला. भांडायचा नाही, रागवायचा नाही. आमटी वाढ, दार लाव, एवढंच. तीनेक वर्षं असं चाललं. मग महिला मंडळात विमलाबाई येऊन म्हणाल्या की संस्थेतल्या तान्ह्या मुलांना त्यांचं घर मिळेपर्यंत सांभाळणारी माणसं हवी आहेत. मी हात वर केला, तो घरातली शांतता ऐकून ऐकून कान किटले होते म्हणून. पुण्य वगैरे काही मनात नव्हतं.

दर गुरुवारी तिला वजनाला न्यायचं असे. ह्यांच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारचीच, म्हणून हेही यायचे. दवाखान्यातून परतताना मरोळ नाक्याजवळ शिवदासचं दुकान लागतं. देवगडकडचा माणूस. आधी बोटीवर भटारी होता, आता चार टेबलांचं गोडाचं दुकान चालवतो. पातळ पडद्यामागे एक फळीचा आडोसा आहे, त्याला तो फॅमिली रूम म्हणतो. डिसेंबरातल्या एका गुरुवारी ती रस्त्यातच भुकेने किंचाळायला लागली, बाटलीतलं दूध गार झालेलं. हे सरळ त्या दुकानात शिरले आणि म्हणाले, जरा गरम पाणी द्या हो. मी दारातच उभी. मला शेहेचाळिसावं वर्ष चालू आहे, नलिनी, आणि तोवर मी हॉटेलात पाय ठेवला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, घरात चूल असताना बाईने बाहेर बसून खायचं म्हणजे चूल विझल्याची दवंडी. चंदूच्या वेळी तर सव्वा महिना खोलीतून हलले नाही आणि पुढे त्याला घेऊन गेले ती फक्त रेशनच्या रांगेत. शिवदास म्हणाला, "वयनी, बसा पंख्यापासून लांब. आज खरवस आसा, खाल्ल्याबिगर जांव नकात."

त्याचा खरवस तू खाऊन बघायला हवास. आरेतल्या एका ओळखीच्या तबेल्यातून त्याच्याकडे चीक येतो. म्हैस व्याली की निरोप, आणि हा सायकल घेऊन हजर. पहिल्या दिवसाचा चीक असेल तर दूध जास्त घालायचं, दुसऱ्या दिवसाचा असेल तर कमी. मापं कुठे लिहिलेली नाहीत, बोटावर घेऊन बघतो. गूळ, वेलची, जायफळ, आणि मग पितळी डब्यात वाफेवर. तो घट्ट होईपर्यंत झाकणाला कोणी हात लावलेला त्याला चालत नाही. सुरीने वडी कापली की ती हलते, पण मोडत नाही. पहिला तुकडा जिभेवर ठेवला आणि मला लाज वाटली, इतका तो चांगला होता. मांडीवर दुसऱ्या कोणाचं बाळ, समोर नवरा, आणि मी डोळे मिटून गोड खात होते. डोळे उघडले तर हे हसत होते. म्हणाले, अगं, जरा हळू, बशी खाशील.

मग तो नेमच झाला. एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने खायचं, मग अदलाबदल. माझी पाळी आधी, कारण ह्यांच्या मांडीवर ती जास्त वेळ टिकायची. बाटली गरम करायला शिवदास वाफेचंच पाणी द्यायचा. थंडीत दुधी हलवा, फेब्रुवारीत बासुंदी, एप्रिलपासून हाताने फिरवलेल्या पॉटचं आंब्याचं आईस्क्रीम, आणि चीक आला की दारावरच्या पाटीवर खडूने 'आज खरवस'. हे चमच्याने टेबलावर साच्याचा ठेका धरायचे, खटक खटक, आणि ती खदखदून हसायची. मग कापड कसं निघतं, धागा तुटला की काय करायचं, असं सगळं तिला समजावून सांगायचे. मला कधी सांगितलं नव्हतं ते. एकदा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "नात वाटतं?" मी गोंधळले. हे म्हणाले, "नाही, पाहुण्या आहेत. आमच्याकडे उतरल्यात." ती बाई बघतच राहिली. शिवदासनेही पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "ह्यां चेडू कोणाचां?" मी संस्थेचं नाव सांगितलं. पुढच्या गुरुवारी फॅमिली रूममध्ये एका खुर्चीवर गोधडी घालून ठेवलेली होती.

तुला तिच्या सवयी हव्या होत्या, म्हणून मध्येच लिहिते. डाव्या कुशीवर लवकर झोपते. सर्दी झाली की दूध नको म्हणते, तेव्हा जबरदस्ती करू नकोस, तासाभराने आपणच मागते. अंघोळीचं पाणी डोक्यावर ओतताना कपाळावर आडवा हात धर. आणि तिच्यासमोर कधी काही खायला बसलीस की बघ. चौथा महिना लागल्यापासून ती बशीवरून उचललेला चमचा तोंडापर्यंत डोळ्यांनी पोचवते आणि आपलं तोंड उघडलं की स्वतःचंही उघडते. ह्यांना खाणं मुश्कील व्हायचं. म्हणायचे, अशी बघते की घास उतरत नाही गं, देऊया का एवढंसं? मी नको म्हणायचे. विमलाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आई म्हणवून घ्यायचं नाही. बारसं, कान टोचणं, उष्टावण, जावळ, यातलं काही करायचं नाही. ते सगळं तिच्या घरी होईल, तिचे आईवडील करतील. सहा महिने नुसतं दूध आणि औषधं. मला ते पटलं होतं. ह्यांनाही पटलं असं मी समजत होते.

एकदाच त्यांनी विमलाबाईंना विचारलं की हिला आम्हीच ठेवून घेतलं तर? विमलाबाई चांगल्या आहेत, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जयवंतराव, ही वीस वर्षांची होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?" ह्यांना बावन्न आहेत. त्यांनी चप्पल घातली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. तो विषय तिथे संपला असं मला वाटलं. बाईमाणसाला वाटतं की आपल्याला नवरा कळतो.

आता त्या शेवटच्या गुरुवारचं. बावीस मे. सोमवारी विमलाबाई येऊन सांगून गेल्या होत्या की कागदपत्रं झाली, गुरुवारी चारला बाळ घेऊन ऑफिसात या. तुम्ही दोघं रजा टाकून सकाळपासूनच येऊन बसणार आहात, असंही म्हणाल्या. सहा वर्षं वाट पाहिलेली जोडी आहे, म्हणाल्या. गुरुवारी दुपारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तिला पिवळं झबलं, पांढरे मोजे. एका पिशवीत तिचे कपडे आणि दुधाचा डबा मी भरला होता. दुसरी पिशवी ह्यांच्या हातात होती. मी विचारलं नाही. म्हणाले, आधी शिवदासकडे जाऊ.

पाटीवर 'आज खरवस' होतं. ह्यांनीच आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, असं मागून कळलं. आम्ही गोधडीच्या खुर्चीपाशी बसलो. ह्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात चांदीचा छोटा चमचा होता, चंदूच्या बारशाला माझ्या माहेरून आलेला. ट्रंकेच्या तळाशी असतो तो. त्यांनी तिला मांडीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं, बोटाने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तेही पुडीत बांधून आणलेलं. शिवदास बशी घेऊन आला आणि त्याला कळलं. म्हणाला, "मामा खंय?" हे म्हणाले, "मामा नाही. मीच." आणि चमच्याच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढा खरवस घेऊन तिच्या जिभेवर ठेवला.

नलिनी, तिचा पहिला घास तो होता. तो तू द्यायचा होतास. मी समोर बसले होते आणि मी त्यांचा हात धरला नाही. तिने क्षणभर सगळं थांबवलं, हात, पाय, डोळे. मग जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि टेबलावर दोन्ही हात आपटले. शिवदास हसला, हे हसले, मीही हसले. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. म्हणून तुझी क्षमा मागतानासुद्धा ते झालंच नसतं तर बरं होतं, असं माझ्या हातून लिहिलं जात नाही.

मग ह्यांनी शर्टाच्या खिशातून एस.टी.ची दोन तिकिटं काढून बशीशेजारी ठेवली. परळहून संध्याकाळची देवगडची गाडी. म्हणाले, उष्टावण आपल्या हातून झालं, आता ती आपली. देवगडला आपलं वडिलोपार्जित घर बंदच आहे, तिथे राहू. कोणी विचारलं तर चंदूची मुलगी म्हणून सांगू. परसात म्हैस घेऊ. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ते बोलत राहिले. चार वर्षांत बोलले नव्हते तितकं त्या अर्ध्या तासात बोलले. दुसऱ्या पिशवीत आमचे दोघांचे कपडे होते. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी तिकिटांकडे पाहत होते आणि मनात हिशेब करत होते की प्रवासात बाटली गरम कशी करायची आणि दुधाचा डबा देवगडात मिळतो की कणकवलीहून आणावा लागेल.

मग ते म्हणाले, "तिला काय कळणार आहे गं." ते ऐकलं आणि मी थांबले. बारा दिवसांची आली तेव्हा ती कोणीही बाई जवळ आली की तिकडे मान वळवून वास घ्यायची आणि मग तोंड फिरवून रडायची. महिनाभर. रोज. जिला शोधत होती ती बाई सापडली नाही, तेव्हा कुठे तिने मला चालवून घेतलं. ते ह्यांनी पाहिलं नव्हतं, ते कारखान्यात असायचे. मला वाटलं, एक आई हिला सोडून गेली, दुसरी सकाळपासून ऑफिसात बाकावर बसली आहे, आणि तिसरी मी, हिला लपवून एस.टी.त घालायला निघाले आहे. हिच्या वाट्याला एक तरी बाई सरळ येऊ दे.

मी उठले आणि त्यांच्या मांडीवरून तिला उचललं. त्यांनी अडवलं नाही. फक्त तिचा पाय धरला, आणि मी ओढल्यावर मोजा त्यांच्या हातात राहिला. तू पाहिलं असशील, ती एकाच मोज्यात तुझ्याकडे आली. मी रिक्षा केली. तू विचारलंस, काका नाही आले? मी म्हटलं, कारखान्यात काम निघालं. ते काम म्हणजे शिवदासच्या दुकानात तिकिटांसमोर बसून राहणं, हे आज तुला सांगते.

त्या दिवसापासून ते पुन्हा गप्प झाले आहेत. माझ्यावर रागावलेले नाहीत, तसे असते तर बरं झालं असतं. जेवतात, कामावर जातात. गेल्या गुरुवारी मला वाटलं शिवदासकडे गेले असतील. दुपारी विमलाबाईंनी त्यांना रिक्षाने घरी आणून सोडलं. ते दवाखान्यात वजनाच्या रांगेत उभे होते. रिकाम्या हातांनी. मागच्या बाईने पुढे सरका म्हटलं की पुढे सरकत होते. त्यांचा नंबर आला तेव्हा नर्सने विचारलं, बाळ कुठंय, तर म्हणाले, येईल.

तुझं कार्ड त्यांच्या नावावर आलं. शनिवारी ते कामावर होते. मी ते फोडलं, वाचलं, आणि त्यांना दाखवलं नाही. दाखवणारही नाही. चार दिवस मी ठरवते आहे, म्हणून हे उत्तर उशिरा. आम्ही रविवारी येणार नाही, नलिनी. तू कोणा मावसभावाला, शेजाऱ्याला मामा म्हणून बसव आणि पहिला घास म्हणूनच भरव. ती चटकन तोंड उघडेल, लोक कौतुक करतील, तूही कर, त्यात लबाडी नाही. यापुढे ह्यांच्या नावाने पत्र पाठवू नकोस, तिचा फोटो तर मुळीच नको. तुला वाटेल ही बाई किती कठोर, नवऱ्याला एकदा डोळाभर बघूही देत नाही. कार्ड दाखवलं तर ते आजच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवतील. रविवारी तुझ्या दिवाणखान्यात तिला मांडीवर घेतील, तुझे पाहुणे टाळ्या वाजवतील आणि मग तिला परत द्यायची वेळ येईल. एकदा मी तिला त्या मांडीवरून उचललं. पुन्हा ते माझ्याने व्हायचं नाही. या वेळी तिकिटं त्यांनी नाही काढली, तर मी काढीन.

तुझी आणि तिची,
मालन तावडे